दिवाळीचा किल्ला लहान मुलांच्या हातून: तुमचे अनुभव लिहा

अंगणातली

सहामाही परीक्षा संपत आल्या की किल्ल्याची भुणभुण सुरू होते. या धाग्यावर 3 ते 8 वर्षांच्या मुलांबरोबर केलेल्या किल्ल्यांबद्दल लिहा. मापं, प्रमाण, किती दिवस आधी काय करायचं, काय ढासळलं आणि कशामुळे, सगळं येऊ द्या. स्पर्धेतले दहा फुटी किल्ले बाजूला ठेवू. ज्या किल्ल्यावर पोराच्या बोटांचे ठसे दिसतात तेवढाच इथे हवाय.

सुरुवात मी करते. 3 बाय 3 फुटांचा आणि दीड-दोन फूट उंचीचा किल्ला या वयाला पुरे, कारण मुलाचा हात मधल्या शिखरापर्यंत पोचायला हवा. चारही बाजूंनी फिरता येईल अशी जागा निवडा. भिंतीला टेकवलात तर मागची बाजू मुलं कधीच करत नाहीत, आणि भिंत ओल धरते ती वेगळीच.

आतला भराव विटा, फुटक्या कुंड्या आणि दगडांचा. त्यावर गोणपाट टाकायचं, पण आधी पातळ चिखलात बुडवून. चिखल इडलीच्या पिठाइतका सैल हवा. कोरं गोणपाट वरच्या चिखलातलं पाणी शोषून घेतं, मग चिखल पापुद्र्यासारखा सुटतो. बहुतेक किल्ले इथेच फसतात. गोणपाट विटांच्या खाचांत हाताने नीट दाबलं की आपोआप घळी आणि सोंडा तयार होतात. ताणून बसवलं तर डोंगराचा तंबू होतो. त्यावर बोटाच्या पेराएवढा जाड, कणकेसारखा घट्ट चिखल थापायचा.

थापण्याचं काम पूर्णपणे मुलांचं. तीन वर्षांच्या मुलाला चाळण आणि कोरडी माती द्या, अर्धा तास तो जागचा हलत नाही. काच, खिळे, गोम आहे का ते मोठ्यांनी आधी बघून ठेवायचं.

काळीभोर

ताई, माती कोणती ते राहिलं. नुसती काळी माती वाळताना आकसते आणि दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. नुसती लाल माती भेगाळत कमी, पण पाणी शिंपडलं की ओघळून जाते. दोन घमेली लाल मातीला एक घमेलं काळी, आणि त्यात दोन मुठी बारीक चिरलेलं वाळकं गवत किंवा गव्हाचा भुसा. भुशाचे तंतू माती धरून ठेवतात, पूर्वी घराच्या मातीच्या भिंतींतही तो याचसाठी घालत.

माती आदल्या रात्री भिजवून ठेवायची. आयत्या वेळी भिजवलेल्या मातीत आत कोरडी ढेकळं राहतात आणि तिथूनच चिखल सुटतो. भेग पडलीच तर नुसता ओला चिखल भरू नका, तो वाळून पुन्हा सुटतो. आधी भेगेत पाणी मुरवा, मग त्याच मातीची पातळ लापशी ओता, आणि अर्ध्या तासाने बोटाने दाबा.

परतीच्या पावसाचा भरवसा नाही. चार काठ्या आणि एक प्लास्टिक पहिल्या दिवसापासून हाताशी ठेवावं. प्लास्टिक किल्ल्याला टेकू द्यायचं नाही, टेकलं की तिथला चिखल त्यालाच चिकटून येतो.

हळीव

नाव घेतलंय तर हे मीच लिहायला हवं! डोंगर हिरवा करायला मोहरी, मेथी, गहू, नाचणी काहीही चालतं, पण लहान मुलांबरोबर हळीवच. त्याला दुसऱ्याच दिवशी मोड दिसतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवं होतं. मुलांचा धीर तेवढाच असतो. मोहरीला एखाद-दोन दिवस जास्त लागतात. गहू आठवडा घेतो आणि वर एवढा उंच होतो की आठ सेंटिमीटरचा मावळा त्यात हरवतो.

दुसरं कारण चिकटपणा. दोन चमचे हळीव अर्धी वाटी पाण्यात अर्धा तास भिजवलं की प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत थर येतो. हे मिश्रण जुन्या ब्रशने किंवा बोटांनी उभ्या कड्यावरही फासता येतं, दाणे घसरत नाहीत. कोरडे दाणे उतारावर भुरभुरले की पहिल्या पाण्याबरोबर सगळे पायथ्याशी जमतात, मग डोंगर बोडका आणि पायथ्याला जंगल.

दाट फासू नका. एकावर एक थर झाला की खालचे दाणे कुजतात, पांढरी बुरशी येते आणि वास सुटतो. दोन दाण्यांमध्ये एका दाण्याची जागा मोकळी दिसावी. पाणी दिवसातून तीनदा, फवाऱ्यानेच. ऑक्टोबरच्या उन्हात पहिले दोन दिवस दुपारी वर ओलं फडकं टाका. वसुबारसेला हिरवा डोंगर हवा असेल तर पाच दिवस आधी फासलेलं असलं पाहिजे. म्हणजे चिखलाचं काम त्याच्याही आदल्या दिवशी संपायला हवं.

वाटा, तट आणि तळ्याच्या जागा आधी काडीने आखून ठेवा आणि तिथे हळीव लावू नका. रुजलेलं हळीव उपटलं की मातीचं ढेकूळ घेऊनच येतं.

खळवाली

आमच्यासारख्या फ्लॅटवाल्यांसाठी. पाच-सहा घमेली ओली माती म्हणजे वजन शंभर किलोच्या घरात जातं, वर पाणी खालच्या मजल्यावर ठिबकतं. त्यामुळे गॅलरीत कागदी किल्ला. पुठ्ठ्याची खोकी एकावर एक चिकटवायची, मधल्या खाचांत वर्तमानपत्राचे चुरगाळलेले बोळे भरायचे आणि वरून खळीत बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या. तीन थर पुरतात.

खळ: एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळी न राहता कालवा. चार वाट्या पाणी उकळून त्यात हे मिश्रण बारीक धारेने सोडा आणि ढवळत राहा. पांढरा रंग जाऊन खळ काचेसारखी झाली की गॅस बंद. कोरडा मैदा उकळत्या पाण्यात टाकला तर गुठळ्या होतात आणि त्या फुटत नाहीत.

पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. मुलं हात घालणार असतील तर मोरचूद अजिबात नको, ते विषारी आहे. त्याऐवजी एक मोठा चमचा मीठ घाला. फ्रिजमध्ये तीन दिवस टिकते, आंबूस वास आला की फेकायची.

कागद कात्रीने कापू नका, दोन बोटं रुंद पट्ट्या हाताने फाडा. फाटलेली कड पातळ होते आणि खालच्या कागदात मिसळून जाते. कापलेली कड शेवटपर्यंत रंगाखालून दिसते. फाडण्याचं काम चार वर्षांचं मूल मन लावून करतं. प्रत्येक थर वाळल्याशिवाय पुढचा नको. तिन्ही थर एकाच दिवशी दिले तर आतलं खोकं भिजून बसतं आणि किल्ल्याला बुरशी येते. त्या हिशेबाने पाच दिवस धरा.

रंग म्हणून गेरू चार चमचे, दोन चमचे डिंकाचं पाणी. डिंक नसेल तर वाळल्यावर गेरू हाताला लागतो आणि तिथून सोफ्याला.

मावळा-पाऊल

विकतचे मावळे सुंदर असतात, पण मुलांनी केलेला एक तरी असावा. शाडूचा करताना उंची सात-आठ सेंटिमीटर आणि आकार उभ्या बाहुलीचा: अंगरखा म्हणजे खाली रुंद होत गेलेला शंकू, वर लिंबोळीएवढं डोकं, दोन वळकट्या हात म्हणून छातीला चिकटलेले. सुटे पाय करू नका. पाय हा लहान मुलांच्या मावळ्याचा सर्वात कच्चा भाग, उचलताना हमखास तुटतो.

आत काडी खुपसून बळकटी येईल असं वाटतं, पण होतं उलट. शाडू वाळताना आकसते, काडी आकसत नाही, म्हणून बरोब्बर काडीच्या रेषेत तडा जातो. डोकं बसवताना दोन्ही बाजू काडीने खरवडा, शाडूची लापशी लावा आणि किंचित फिरवत दाबा. वाळवायचे सावलीत, तीन दिवस. पंख्याखाली ठेवले की वरून वाळतात, आत ओले राहतात आणि तडकतात.

शाडू नसेल तर दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, पाऊण ते एक वाटी पाणी. पाणी शेवटी चमच्याचमच्याने, पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट. दहा मिनिटं मळा. हे मावळे ओल्या किल्ल्यावर थेट उभे करू नका. मीठ ओल ओढतं आणि दोन दिवसांत मावळा कमरेपासून वाकतो. खाली बाटलीचं झाकण चिकटवा आणि ते मातीत दाबा. घरात कुत्रा असेल तर हे पीठ त्याच्या तोंडाला लागू देऊ नका, एवढं मीठ त्याला जिवावर बेतू शकतं.

माची

मला किल्ल्याच्या रूपाबद्दल लिहायचंय, कारण 'डोंगर, वर एक महाल' यापलीकडे बहुतेक किल्ले जात नाहीत. एक खरा किल्ला निवडा. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात जे बारा किल्ले गेले त्यांत या वयाला जमणारे बरेच आहेत.

राजगड माझ्या मते सर्वात सोपा. मधे उंच बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या, म्हणजे बालेकिल्ल्याखालच्या तटबंदी असलेल्या लांब सपाट्या. तीन बोटं पसरलेला हात जमिनीवर ठेवून मुलाला दाखवा, आकार त्याच्या डोक्यात बसतो. मधे मोठं घमेलं पालथं घातलं की बालेकिल्ला, बाजूला तीन लांब विटा की माच्या. सुवेळा माचीच्या खडकाला पेन्सिलीने आरपार भोक पाडलं की ते नेढं. सिंधुदुर्ग करायचा असेल तर डोंगरच नको, मोठ्या परातीत पाणी, मधे सपाट मातीचा खडक आणि नागमोडी तट. पाण्यात खेळणाऱ्या तीन वर्षांच्या मुलांना यासारखं दुसरं काही नाही. रायगडावर टकमक टोक, हिरकणी बुरुज, गंगासागर तलाव, बाजारपेठ, जगदीश्वराचं देऊळ एवढं तरी हवं. बाजारपेठेला काड्यापेट्यांच्या दोन समोरासमोर ओळी.

तट: मातीची करंगळीएवढी जाड वळकटी करून आखलेल्या रेषेवर ठेवायची, दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबून उभी करायची. आइस्क्रीमच्या काडीच्या कडेने आडव्या-उभ्या रेघा मारल्या की दगड दिसतात. बुरुज: चहाच्या छोट्या पेल्याला आतून कोरडी राख किंवा रांगोळी लावा, घट्ट माती ठासा, पालथा घाला. राख विसरलात की बुरुज पेल्यातच राहतो. काडीने जंग्यांची, म्हणजे आतून बंदुकीचा मारा करायची, भोकं मुलांना पाडू द्या.

आणि दरवाजा गोमुखी करा. दोन बुरुज समोरासमोर न ठेवता एकाच्या आड दुसरा येईल असे ठेवायचे, म्हणजे वाट वळसा घेते आणि दरवाजा समोरून दिसत नाही. मुलाला किल्ल्याच्या पायथ्याशी डोळे जमिनीला टेकवून बघायला सांगा, 'दार कुठंय?' विचारा. हत्तीला धावत येऊन धडक का देता येत नसेल ते सहा वर्षांचं मूल स्वतः सांगतं.

पायऱ्या खालून वर कापायच्या, प्लास्टिकच्या पट्टीने. वरून खाली आलात तर पडलेली माती आधीच्या कामावर येत नाही हे खरं, पण मुलांचं माप चुकतं आणि शेवटची पायरी हवेत लटकते.

पाणक्या

कारंज्यासाठी औषधाच्या दुकानातून सलाईनची नवीन नळी आणा. वापरलेली कुठूनही आणू नका. सुई दुकानातच काढून परत द्या. बादली कारंज्याच्या तोंडापेक्षा तीन-चार फूट वर ठेवा. नळीच्या टोकाला बॉलपेनची रिकामी, टोक काढलेली, धुतलेली रिफील बसवा आणि जोडावर चिकटपट्टी. कारंजं बादलीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंत कधीच उडत नाही, नळीत घर्षणाने जोर जातो. फार तर वीतभर उडेल, तेवढी आशा ठेवा.

पाणी येत नसेल तर दहापैकी नऊ वेळा नळीत हवेचा बुडबुडा असतो. टोक जमिनीपर्यंत खाली धरा, पाणी वाहू लागलं की वर घ्या. नळी चिखल थापण्याआधी पुरायची. तळ्याला बरणीचं झाकण चालतं, पण कड मातीच्या अर्धा सेंटिमीटर वर राहू द्या, नाहीतर पाणी मागच्या कड्यात मुरतं आणि तो रात्रीत खचतो.

टेम्सकाठ

लंडनच्या थंडीत अंगण नसतं, म्हणून ओव्हनच्या मोठ्या ट्रेमध्ये किल्ला. खळवाली ताईंचा कागदी सांगाडा आणि वर बोटभर माती. इथली पिशवीतली कुंडीची माती भुसभुशीत आणि तंतूंची असते, तिचा उभा कडा होत नाही, म्हणून तिला फक्त वरच्या थराचं काम द्यायचं. सांगाडा आणि मातीच्या मध्ये प्लास्टिकची पिशवी. हळीव इथे क्रेस नावाने सहज मिळतं, शाळांत मुलं ते कापसावर उगवतात. खोली अठरा-वीस अंशांवर असेल तर एखादा दिवस जास्त धरा.

पणती

थोडंच. गोणपाट आणि कागदी किल्ल्यावर पणती नको. अंगणातल्या किल्ल्याभोवती लावायची तर पायथ्यापासून हातभर लांब. गुहेत लुकलुकणारे छोटे दिवे ठेवताना आत बटणासारखा सेल असतो, त्याच्या झाकणाला स्क्रू आहे ना ते बघा. मुलाने तो गिळला तर अन्ननलिका भाजते, एक मिनिटही न थांबता दवाखाना गाठायचा. शेवटच्या दिवशी किल्ल्यात फटाका पुरून उडवायची हौस आवरा, खडे आणि विटांचे तुकडे थेट डोळ्याच्या उंचीला येतात.

अंगणातली

सगळ्यांचे आभार. काढण्याबद्दल मीच लिहिते. आधी मावळे, झाकणं, नळी, तारा, दिवे काढून मोजून ठेवा. मग दोन बादल्या पाणी सावकाश ओतून तासभर मुरू द्या, कोरडा किल्ला फोडला की धूळ उडते. मिठाच्या पिठाचे तुकडे वेचून काढा, बाकी माती हळिवासकट कुंड्यांत चालते. गोणपाट धुऊन, कडक वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून माळ्यावर. आमचं हे तिसरं वर्ष त्याच गोणपाटाचं.