१९११ चा रुपया: लिलावात हरलो, आता विकणारा स्वतःहून इनबॉक्समध्ये आलाय. पैसे पाठवू का?

कराडचा_बाळ्या

नमस्कार मंडळी, इथे वर्षभर नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, काही चुकलं तर सांभाळून घ्या. आजोबा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत एक पत्र्याची डबी सापडली, तिच्यात भोकाचे पैसे, दोन ढब्बू आणि एक राणीछाप रुपया होता, तेव्हापासून नाण्यांचं खूळ डोक्यात बसलंय. एका ऑनलाइन ग्रुपवर रोज रात्री नाण्यांचे लिलाव चालतात, फोटो टाकतात, सुरुवातीची किंमत लिहितात, शंभर-शंभरने वाढवायचं आणि दहा वाजता बंद. परवा तिथे पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया आला होता, तोच तो डुकरवाला (राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो तो). मी पाच हजारापर्यंत गेलो, शेवटच्या मिनिटाला कुणीतरी ५,२०० टाकून नेला. वाईट वाटलं पण म्हटलं जाऊदे.

आता आज दुपारी विकणाऱ्याचाच मेसेज. म्हणतोय ज्याने बोली जिंकली ती पार्टी पलटली, तुम्ही दोन नंबरला होता म्हणून तुम्हाला ४,५०० ला देतो, निम्मे आत्ता जीपे करा, निम्मे पार्सल हातात आल्यावर. नाव तेच, डीपी तोच. मी जरा का-कू केलं तर त्याने न मागताच आधार कार्डाचा फोटो पाठवला आणि म्हणाला मी आर्मीत आहे, बदली झालीये, सगळं कलेक्शन काढतोय. रात्री आठपर्यंत सांगा नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणे. सात वाजायला आलेत. नाणं फोटोत एकदम झकास दिसतंय हो. काय करू?

आधी_चहा

पाठवू नकोस. बाकीचे सविस्तर लिहितीलच, तू तोवर फोन उपडा ठेव आणि चहा घे.

तोळामासा

बाळ्या, थांब. मी पुण्यात जुन्या बाजारात तेवीस-चोवीस वर्षं खाली बसून नाणी निवडलीत आणि ऑनलाइनसुद्धा भरपूर घेतलीत, त्यात चार वेळा नीट गंडलोय, त्या हक्काने लिहितो.

पहिली गोष्ट, 'जिंकणारा पलटला, तुम्ही घ्या' हा लिलावाच्या धंद्यातला जुना डाव आहे. यात बऱ्याचदा मेसेज करणारा मुळात विकणारा नसतोच. लिलाव सगळ्यांना दिसतो, कोण हरलं तेही दिसतं, हरलेल्याची हळहळ ताजी असते. मग कुणीतरी विकणाऱ्याचा डीपी उचलतो, त्याच नावाचं खातं उघडतो आणि हरलेल्याला गाठतो. तू एक कर, ग्रुपवर त्या लिलावाच्या पोस्टखालीच सगळ्यांदेखत लिही, 'दादा, तुम्ही मला आज मेसेज केला का?' इनबॉक्समध्ये विचारू नकोस, तिथे तर तोच बसलाय. आणि मेसेज करणाऱ्याचं खातं कधी उघडलंय, जुन्या पोस्टी काय आहेत, ते बघ.

समजा खरंच तोच निघाला, तरी आज दिवसभरात नाणं तुझ्या डोळ्यासमोर आलेलंच नाही, आलाय तो फोटो. त्याला सांग, एका कागदावर आजची तारीख आणि माझं नाव लिही, त्यावर नाणं ठेव आणि व्हिडिओ काढ, दोन्ही बाजू आणि कड फिरवून दाखव. मग तेच नाणं सोनाराच्या काट्यावर, तेही व्हिडिओत. ज्याच्याकडे नाणं आहे त्याला हे पाच मिनिटांचं काम, मी स्वतः विकतो तेव्हा न मागता पाठवतो. ज्याच्याकडे नाही त्याला मात्र लगेच राग येतो, 'विश्वास नसेल तर राहूद्या' वगैरे सुरू होतं.

वजन का, तर त्या काळचा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. (आपल्या आज्या तोळा म्हणायच्या तो हा, सोनार आता दहा ग्रॅमला तोळा म्हणतो ते वेगळं.) बारा भागातली अकरा भाग चांदी. वापरून झिजलेला असेल तर थोडं कमी भरेल, पण साडेदहा भरला की मी हात लावत नाही. लोहचुंबकाला चिकटला तर प्रश्नच मिटला. नुसतं चिकटत नाही म्हणून खरा असं मात्र नाही, पितळ-तांब्यावर मुलामा दिलेलाही चिकटत नाही. ओतीव नकलेत भिंगाखाली बारीक बारीक खड्डे दिसतात, कडेचे दाते बोथट असतात, कधीकधी कडेला साच्याची बारीक रेघ फिरलेली दिसते.

आता तुझ्या १९११ बद्दल. राजाच्या झग्यावर गळ्यातल्या साखळीत हत्ती आहे, त्या वर्षी तो असा आखूड सोंडेचा उतरला की लोकांना डुक्कर वाटलं, हिंदू-मुसलमान दोघंही भडकले, सरकारला नाणी परत घ्यावी लागली आणि १९१२ पासून सुधारलेला हत्ती आला. म्हणून १९११ ला भाव. आणि भाव आहे म्हणून नंतरच्या एखाद्या साध्या रुपयाचा आकडा कोरून १९११ करणारेही आहेत. तेव्हा तू आधी आकडा बघू नकोस, हत्ती बघ. साल १९११ आणि हत्ती मात्र देखणा, लांब सोंडेचा असेल तर गडबड आहे. तुझ्या त्या झकास फोटोत हत्तीपर्यंत झूम करून बघितलंस का?

आणि तो फोटो गूगल लेन्समध्ये टाकून शोध. निम्मे 'झकास' फोटो कुठल्यातरी परदेशी लिलावाच्या जुन्या पानावरून उचललेले असतात. मागे निळं मखमल, कोपरा कापलेला, असं दिसलं की समजायचं तिथे कुणाचातरी शिक्का होता.

खिडकी_क्र_३

मी बँकेत आहे, नाण्यांतलं काही कळत नाही, पैशाचं सांगते. बाळ्या, तुम्ही यूपीआय आयडी टाकला की पैसे जायच्या आधी खातेदाराचं बँकेतलं नाव स्क्रीनवर येतं. ते नाव आणि त्या आधार कार्डावरचं नाव एकच आहे का ते बघा, पण बघून मागे या, पिन टाकू नका. माझ्याकडे तक्रार घेऊन येणाऱ्या दहातल्या सात जणांनी ते नाव वाचलेलंच नसतं. आणि आधारचा फोटो हा पुरावा नाही हो, तो बहुतेक वेळा आधीच फसलेल्या कुणा बिचाऱ्याचा असतो. तुम्ही उलट तुमचा पाठवलात तर पुढच्या गिऱ्हाइकाला तुमचा जाईल. आर्मीचं ओळखपत्र, वर्दीतला फोटो, कॅन्टीन कार्ड, सगळं याच माळेतलं.

दुसरं म्हणजे हे लोक पुढे काय करतात तर 'तुमचे निम्मे पैसे अडकले, परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा'. पैसे यायला ना स्कॅन लागतं ना पिन. पिन म्हणजे पैसे जाणार, बस. आधी पैसे मागायची रिक्वेस्ट पाठवूनही फसवायचे, ते व्यक्तीने व्यक्तीला कलेक्ट रिक्वेस्ट पाठवणं १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने बंद केलं, पण क्यूआर आहेच.

बुडीत_खातं

माझं ऐक भावा. गेल्या वर्षी एका जुन्या वस्तूंच्या साइटवर कॅमेऱ्याची लेन्स घेतली, अकरा हजार. माणूस फोनवर इतका गोड, अस्सल कोल्हापुरी बोलायचा, पोरं शाळेत कुठल्या आहेत इथपर्यंत गप्पा झाल्या. अर्धे पाठवले, मग कुरियरची पावती आली, मग 'इन्शुरन्सचे १,२०० भरा, रिफंड होतील', ते भरले, मग 'जीएसटीचे'. तिसऱ्या वेळेला बायको म्हणाली अहो हे काय चाललंय तेव्हा डोळे उघडले. पावतीवरचा नंबर टाकून बघितला तर पार्सल खरं होतं, फक्त ते दुसऱ्याच कुणाचं, गुवाहाटीला चाललेलं.

लाज वाटली म्हणून मी तीन दिवस कुणाला सांगितलं नाही आणि तिथेच खरी चूक झाली. १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन तेव्हाच लावला असता तर पैसे पुढच्या खात्यात अडवता आले असते असं नंतर पोलीस म्हणाले. तीन दिवसांत ते चार खात्यांतून फिरून एटीएममधून निघाले.

खिडकी_क्र_३

@बुडीत_खातं, वाईट झालं. हे सगळ्यांसाठी लिहून ठेवते, १९३० लावायचा, सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार टाकायची आणि बँकेलाही कळवायचं, तिन्ही त्याच तासात. व्यवहाराचा १२ आकडी नंबर, म्हणजे यूटीआर, हाताशी ठेवा, तो सगळे विचारतात. चॅट डिलीट करू नका, रागाने ब्लॉकही लगेच करू नका, आधी स्क्रीनशॉट. एफआयआरला गेलात तर आता चारशेवीस शोधू नका, १ जुलै २०२४ पासून फसवणुकीचं कलम न्याय संहितेतलं ३१८ आहे.

दमडी

सगळं बरोबर पण एक सोपं कुणी सांगतच नाहीये. आधी पैसे द्यायचेच नाहीत, कॅश ऑन डिलिव्हरी किंवा पोस्टाची व्हीपी (पोस्टमनला पैसे देऊन सोडवायचं पार्सल) मागवायची, विषय संपला.

तोळामासा

दमडी, नाही संपत. व्हीपीत पैसे भरल्यावरच पार्सल हातात मिळतं, आत दगड आहे का रुपया ते नंतर कळतं. पोस्टमन काय करणार, त्याने इमानदारीत पैसे पुढे पाठवले. त्यातल्या त्यात फायदा एवढाच की पाठवणाऱ्याला पोस्टात जावं लागतं, पत्ता द्यावा लागतो. पार्सल फोडताना सील दिसेल असा सलग व्हिडिओ काढा, मध्ये कट नको, प्रामाणिक विकणारा त्यावर पैसे परत देतो. भामट्याला कसला व्हिडिओ आणि काय.

खरी सोय होती ती ईबेच्या भारतातल्या साइटवर, २००४ मध्ये त्यांनी आपली बाझी डॉट कॉम घेतली तिथून सुरू झालेली. पैसापे म्हणून होतं, गिऱ्हाइकाचे पैसे मधे थांबायचे आणि माल मिळाल्यावर पुढे जायचे. मी त्यावर सातवाहनांची शिशाची नाणी घेतलीत निर्धास्त. १४ ऑगस्ट २०१८ ला ती साइट बंद झाली आणि आम्ही सगळे या ग्रुपांवर येऊन पडलो, जिथे मधे कुणीच नाही.

एडिसनकर

न्यू जर्सीतून रामराम. थोडं अवांतर, मलाही १९११ चा हवाय, कराडला आमचे पाहुणे आहेत, त्यांनी खात्री करून घेतला आणि येताना आणला तर?

तोळामासा

नाही चालणार साहेब. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरची नाणी येतात, देशाबाहेर न्यायला बंदी आहे. तिकडे आधीच असलेलं तिकडेच घ्या. आणि 'घरपोच अमेरिकेत पाठवतो' म्हणणारा विकणारा भेटला तर तो एकतर कायदा मोडतोय नाहीतर तुम्हाला बनवतोय.

आधी_चहा

यावरून आठवलं, ग्रुपवर 'जेसीबीने खोदताना हंडा सापडला, होन (जुनी सोन्याची नाणी) स्वस्तात' असे पण येतात. आमच्या चुलत्याने घेतले होते दोन, पितळ निघालं. चुलता कुठे बोलणार, सापडलेलं धन कलेक्टरला कळवायला लागतं (१८७८ चा कायदा, आजही चालू), तक्रार करायला गेला तर आधी हाच प्रश्न. विकणाऱ्याला ते चांगलं माहीत असतं.

आणि त्याच चुलत्याने नंतर ट्रॅक्टरवाली पाच रुपयांची नोट लाखात 'विकायला' काढली होती, रजिस्ट्रेशन फी म्हणून दोन हजार भरून बसला, रिझर्व्ह बँकेच्या शिक्क्याचं पत्रसुद्धा आलं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारात आम्ही नाही, कुणाला फी घ्यायला नेमलेलं नाही. चुलता पेपर वाचतो पण फक्त भविष्य.

कराडचा_बाळ्या

मंडळी, अपडेट देतो. पैसे पाठवले नाहीत.

तोळामासा काकांनी सांगितलं तसं पोस्टखाली विचारलं. अर्ध्या तासाने खऱ्या विकणाऱ्याचं उत्तर आलं, 'मी नाही, नाणं काल स्पीड पोस्टने गेलं पण'. दोन्ही प्रोफाइल शेजारी ठेवून बघितली तर आडनावात एक अक्षर जास्त, मी दुपारपासून पाच वेळा बघितलेलं आणि दिसलं नव्हतं. ताईंनी सांगितलं तसं यूपीआयचं नाव बघितलं, आधारवर एक पुरुष आणि खात्यावर कुणी बाई. तरी म्हटलं बघूया, कागदावर नाव लिहून व्हिडिओ मागितला. तो म्हणाला 'फौजी की जुबान पे भरोसा नहीं?' इतका वेळ मराठीत बोलत होता, एकदम हिंदीवर आला. मग तोच जुना फोटो खाली माझं नाव टाइप करून पाठवला. म्हणजे फोटोवर टाइप केलेलं, कागद नाहीच. आठ वाजून दोन मिनिटांनी ब्लॉक केलं मला.

खरं सांगू का, नाव नीट वाचलं नाही याचं नाही वाटत, मी हावरटासारखा 'सातशे वाचतायत' हा हिशोब करत बसलो होतो त्याचं वाटतंय. आणि हत्ती बघितला झूम करून. डुक्करच आहे काका, फोटो खऱ्याच नाण्याचा आहे!

तोळामासा

असणारच, फोटो त्या खऱ्या लिलावातलाच उचललेला. सापडलास नाहीस ते बरं झालं. ते खोटं खातं ग्रुपच्या ॲडमिनला कळव आणि नंबर, यूपीआय आयडी सायबरक्राइमच्या पोर्टलवर टाक, पैसे गेले नसले तरी टाकता येतं.

आणि आता एक बोलतो, राग मानू नकोस. त्या खऱ्या लिलावातही शेवटच्या मिनिटाला शंभर-शंभरने चढवणारे तीन-चार जण दर वेळी तेच दिसतात का बघ. काही ठिकाणी विकणाऱ्याचेच मित्र भाव चढवतात, एखाद्याने चुकून जिंकलंच तर आठ दिवसांनी तेच नाणं परत लिलावात येतं. मी एका वहीत नाण्याचा फोटो आणि शेवटची बोली टिपून ठेवतो, म्हणून कळतं. कॅटलॉग छापून लिलाव करणारी मुंबई-बंगळुरूची घरं आहेत, तिथे कमिशन वर पडतं पण आधी जाऊन नाणं हातात घेता येतं. तुझ्या बजेटला आत्ता ते नको. कधी नाशिकला गेलास तर त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे, खरं नाणं कसं दिसतं ते तिथे तासभर बघ.

कराडचा_बाळ्या

नक्की जातो. काका, तुम्ही रविवारी जुन्या बाजारात असता का? कराडहून सकाळच्या एसटीने आलो तर दहापर्यंत पोचेन. आजोबांची डबी घेऊन येतो, राणीछाप एकदा काट्यावर टाकून बघायचाय.

तोळामासा

असतो. बुधवारीही असतो. दहाला ये पण डबी आतल्या खिशात ठेव, तिथल्या गर्दीत पाकीटमार पण जुनेच आहेत.

आधी_चहा

मी पण येतो, चहा माझ्याकडून.