‘वुमन इन द ड्यून्स’ परभणीत दाखवायचाय : कोणती प्रत, आणि बादलीतल्या पाण्याचं काय सांगायचं?

गोदाकाठ :
नमस्कार मंडळी. आमच्या चित्रपट मंडळात हिरोशी तेशिगाहाराचा जपानी सिनेमा ‘वुमन इन द ड्यून्स’ (१९६४) दाखवायचं ठरलंय. गोष्ट अशी : समुद्रकाठच्या वाळूत खोल खड्ड्यात एका बाईचं घर, गावकरी एका परक्या माणसाला तिथे अडकवतात आणि रोज वाळू उपसायला लावतात. मूळ कादंबरी कोबो आबेची, १९६२ची, पटकथाही त्याचीच. प्रेक्षक साठेक, त्यात निम्मे शेतीचे विद्यार्थी. एक प्रत १४७ मिनिटांची आहे, दुसरी १२४. कोणती घ्यावी? मराठी सबटायटल्स आम्हीच केलीत, पण ती संवादाच्या मागेपुढे होतात. आणि तिसरं : वाळूत पुरलेल्या बादलीत पाणी साठतं, ते खरंच होतं का? आमच्याकडे हा प्रश्न पहिला येणार.

पडदा_आणि_दिवा :
१४७चीच घ्या. १२४ मिनिटांची प्रत ही परदेशात फिरलेली, कापलेली. या सिनेमात गोष्ट थोडी आणि वेळ फार. फावडं मारणं, निथळणं, पुन्हा फावडं, हे लांबलं तरच खड्डा अंगावर येतो.

सबटायटलचा दोष आधी ओळखा. फरक हळूहळू वाढत जात असेल तर वेगाचा घोळ आहे : फाइल सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओवर केलेली आणि तुमचा व्हिडिओ २४चा. १४७ मिनिटांत शेवटी जवळजवळ सहा मिनिटांची तफावत पडते. ‘सबटायटल एडिट’ या प्रोग्रॅममध्ये फ्रेम रेट बदलून घ्या, सगळं जागेवर येईल. पण एका प्रसंगापर्यंत बरोबर आणि पुढे एकदम काही मिनिटं चुकत असेल, तर ती दुसऱ्याच प्रतीवर बेतलेली आहेत. तिथे वेग बदलून उपयोग नाही, प्रत्येक तुटीपासून पुढचा भाग वेगळा सरकवावा लागतो. फाइल यूटीएफ-८ मध्येच साठवा, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन दिसतील.

रंग मात्र पांढरा ठेवू नका. अर्धा सिनेमा उन्हातल्या वाळूचा आहे, पांढरी अक्षरं त्यात विरघळतात. फिकट पिवळी अक्षरं, भोवती जाड काळी कड.

चित्र ४:३ आहे. आठ फुटी रुंद पडदा १६:९चा असेल तर चित्र सहा फुटांचंच येईल, दोन्ही बाजूंना एकेक फूट काळं राहील. राहू द्या. कुणीतरी रिमोट घेऊन ते ताणून भरणारच, त्याला आधीच सांगून ठेवा. ताणलं की नायिका क्योको किशिदाच्या मानेवर, पाठीवर चिकटलेल्या कणांचे जवळून घेतलेले शॉट बिघडतात, आणि हिरोशी सेगावाच्या कॅमेऱ्याचा जीव त्यातच आहे. प्रोजेक्टर ‘डायनॅमिक’वर नको, ‘सिनेमा’ मोडवर लावा. सुरुवातीला वाळूचा एकच कण पडदाभर धोंड्यासारखा दिसतो. त्याच्या कडा स्वच्छ दिसेपर्यंत फोकस लावत बसा. पंख्यांची घरघर जितकी कमी करता येईल तितकी करा, संगीतकार तोरू ताकेमित्सूच्या तारवाद्यांचं खरवडणं त्यात बुडतं.

मध्यंतर टाळता आलं तर उत्तम. द्यायचंच असेल तर गावकऱ्यांनी पाणी तोडल्यावर नायक नमतो आणि फावडं हाती घेतो, तिथे द्या. पळून जाण्याच्या भागात अजिबात तोडू नका. नग्नता आहे, आणि गावकरी वरून बघत असताना तो तिच्यावर जबरदस्ती करू पाहतो असा प्रसंगही आहे. हे जाहिरातीतच लिहा, दारात सांगू नका. हक्कधारकाची लेखी परवानगीही वेळेत मागवा.

काळी_माती :
दादा, बादलीबद्दल. नायक कावळा धरायला मासा लावून तिचा सापळा करतो, त्याला ‘आशा’ असं नाव देतो, आणि एक दिवस त्यात पाणी सापडतं. त्याचा तर्क असा : वरची वाळू सुकते, ती केशाकर्षणाने (कणांमधल्या बारीक फटींतून) खालचं पाणी ओढते, म्हणजे वाळू हाच पंप. पहिला भाग बरोबर आहे. बारीक वाळूत ओल अर्ध्या मीटरच्या आसपास वर चढते. पण तशी चढलेली ओल कणांनी आवळून धरलेली असते, ती रिकाम्या भांड्यात आपणहून उतरत नाही. काळ्या रानात मातीत ओल असूनही पीक माना टाकतं, ती याच जातीची गोष्ट.

गोदावरीच्या पात्रात झिरा खणला की पाणी येतं, कारण खड्डा पाण्याच्या पातळीखाली गेलेला असतो. वरच्या ओलीत खणलेला खड्डा नुसता ओला राहतो. त्या बादलीत पाणी यायचं तर एक तर पातळी लागलेली असली पाहिजे, नाहीतर झाकणाखाली वाफ थंड होऊन थेंब पडले पाहिजेत.

हे चर्चेत करूनच दाखवा. दोन इंची पारदर्शक पाइपचा फूटभर तुकडा घ्या, खाली सुती कापड ताणून बांधा. वाळू धुऊन, पूर्ण वाळवून, पिठाच्या चाळणीने चाळून भरा. चार इंचांवर बारीक भोकं पाडलेली छोटी डबी, पाइपच्या भिंतीला टेकेल अशी, आत ठेवा. डबीच्या तोंडावर कापड, म्हणजे वाळू आत जाणार नाही. पाइप परातीत उभा करून इंचभर पाणी घाला. ओल डबीच्या वर जाईल, डबी मात्र रिकामी. मग तोच पाइप बादलीत सहा इंच पाण्यात उभा करा : डबी भरते, तो झिरा. वाळू न धुता घेतली तर गाळामुळे ओल फार सावकाश चढते आणि लोक कंटाळतात. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) नको, तिच्यात भुकटी जास्त.

दुसरी गोष्ट भिंतींची. खळ्यावरची ज्वारीची रास बघा, कितीही ओता, ठरावीक उतारापेक्षा कड उभी राहत नाही. कोरड्या वाळूचा तो कोन साधारण ३४ अंश. खड्डा १५ मीटर खोल धरला तर प्रत्येक बाजूला २२ मीटर उतार लागेल. पडद्यावर मात्र भिंत जवळजवळ सरळ उभी दिसते. बाई रात्री वाळू उपसते ते बरोबर आहे, दवाने ओलावलेली वाळू फावड्यावर टिकते. म्हणजे तपशील खरा आणि खड्डा स्वप्नातला. मला वाटतं ताकद इथेच आहे. म्हणून हे सगळं सिनेमा संपल्यावर सांगा, आधी नको.

गोदाकाठ :
पाइपचं नक्की करतो. आणखी एक : गावकरी ती वाळू बांधकामाला विकतात. इथल्या माणसाला ते लगेच कळेल. ती वाळू चालते का?

चाळणवाला :
नाही चालत, आणि सिनेमातही तेच म्हटलंय. खारट वाळू काँक्रीटमध्ये घातली तर चालणार नाही म्हणून तो चिडतो, ती म्हणते दुसऱ्यांचं आम्हाला काय. मिठातलं क्लोराइड सळईला गंज चढवतं, गंजलेली सळई फुगते आणि तिच्यावरचा काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, फुटून पडतं. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ प्रमाणे सळईच्या काँक्रीटमध्ये क्लोराइड घनमीटरला ०.६ किलोच्या वर नको.

मीठ धुऊन काढलं तरी कण आड येतो. कादंबरीत कणाचा सरासरी व्यास १/८ मिलिमीटर दिलाय, म्हणजे १२५ मायक्रॉन. काँक्रीटच्या वाळू-खडीचं मानक आयएस ३८३, त्यात १५० मायक्रॉनच्या चाळणीतून नैसर्गिक वाळूचा १० टक्के माल गेला तर चालतो, सगळ्यात बारीक वाळूच्या गटात, झोन चारमध्ये, १५. ही वाळू निम्म्याहून जास्त खाली उतरेल. इतक्या बारीक मालाला पाणी जास्त लागतं, पाणी वाढलं की ताकद घटते. चर्चेच्या टेबलावर १५० मायक्रॉनची चाळणी आणि मूठभर वाळू ठेवा.