मोठ्या कंपन्यांच्या सोशल मीडियाला फेडिव्हर्स हा खरंच पर्याय आहे का?

बोरूबहाद्दर
मागच्या महिन्यात एका मोठ्या साइटने माझं अकाउंट कारण न देता बंद केलं, नऊ वर्षांच्या पोस्टी, ओळखीपाळखी सगळं गेलं, अपील केलं तर चार मिनिटांत नकार आला, म्हणजे माणसाने वाचलंच नसणार. असो, माझं रडगाणं बाजूला ठेवू. ऑक्टोबर २०२२ मध्ये मस्कने ४४ अब्ज डॉलर मोजून ट्विटर घेतलं, पुढच्या तीनेक महिन्यांत बाहेरच्यांनी बनवलेली ॲप्स बंद. २०२३ मध्ये रेडिटने एपीआयचे, म्हणजे बाहेरच्या ॲपना साइटवरचा मजकूर घ्यायच्या वाटेचे, दर असे लावले की अपोलोसारख्या रेडिट वाचायच्या चांगल्या ॲपला गाशा गुंडाळावा लागला. २०२१ मध्ये फेसबुकच्या नेटवर्कात एक गडबड झाली तर व्हॉट्सॲप, इन्स्टा सगळंच सहाएक तास आडवं. सगळ्या चाव्या एकाच्याच कमरेला असल्यावर दुसरं काय होणार? फेडिव्हर्स म्हणजे एकमेकांना जोडलेल्या स्वतंत्र सर्व्हरांचं जाळं, त्यातलं ट्विटरसारखं मॅस्टोडॉन घ्या. तिथे मालकच नाही, हजारो सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब या खुल्या प्रोटोकॉलवर, म्हणजे कुणालाही वापरता येणाऱ्या नियमांवर, एकमेकांशी बोलतात, ईमेलसारखं. आता सगळ्यांनी तिकडेच जावं असं माझं स्पष्ट मत आहे.

पाटीकोरी
मालक नाही कसा? ज्याचा सर्व्हर तो मालक. फक्त तो अब्जाधीश नाही, नोकरी सांभाळून रात्री सर्व्हर बघणारा कुणीतरी असतो एवढंच. त्याला कंटाळा आला की दुकान बंद. आणि तिथले खासगी मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येतील असे, नसतात बरं का, ॲडमिनने ठरवलं तर वाचू शकतो. २०२४ मध्ये तर एका सर्व्हरचं डोमेनच गेलं, पत्त्याच्या शेवटी अफगाणिस्तानचं 'डॉट एएफ' होतं आणि तिथल्या तालिबान सरकारने ते काढून घेतलं. घ्या विकेंद्रीकरण!

बोरूबहाद्दर
अहो पण दुसऱ्या सर्व्हरवर जाता येतं की, फॉलोअर आपोआप सोबत येतात. फेसबुकवर आहे का ही सोय?

पाटीकोरी
फॉलोअर येतात, पोस्टी येत नाहीत. शिवाय हलायचं तर जुना सर्व्हर चालू असावा लागतो, तो एका रात्रीत बंद पडला तर फॉलोअरही गेले. तुमची नऊ वर्षं तिथेही तशीच गेली असती बोरूभाऊ, शिव्या घालायला कंपनी नसती इतकाच फरक.

उंबरठा_७
मला तर 'सर्व्हर निवडा' म्हटल्यावरच घाम फुटला, दोनदा टॅब बंद केला. माझे लोक जिथे आहेत तिथे मी, सॉरी.

जुनाखेळाडू
ईमेलचं उदाहरण देताय खरं पण ते तुमच्यावरच उलटतं. मी स्वतःचा मेल सर्व्हर चालवून बघितलाय, प्रोटोकॉल खुला आहे पण मोठ्या कंपन्यांच्या स्पॅम फिल्टरपुढे एकट्यादुकट्याचं काही चालत नाही, पत्र जातं आणि कुणाला दिसतच नाही. गूगलचं चॅट, जीटॉक आठवतंय? एक्सएमपीपी या खुल्या प्रोटोकॉलवर चालायचं, दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाशी बोलता यायचं, मग २०१३ मध्ये गूगलने त्याच्या जागी हँगआउट्स आणलं आणि बाहेरच्यांसाठी दार लावून घेतलं. आता फेसबुकवाल्या मेटाचं ट्विटरसारखं थ्रेड्स ॲक्टिव्हिटीपब बोलायला लागलंय. कित्येक सर्व्हरनी त्याला आधीच ब्लॉक करून टाकलंय, मला तरी ते पटतं.

खिडकीतून
मग ब्लूस्काय घ्या ना, तेही ट्विटरसारखंच पण खुल्या प्रोटोकॉलवरचं, तिथे स्वतःचं डोमेन हेच नाव म्हणून वापरता येतं आणि पोस्टींसकट दुसरीकडे जायची सोय डिझाइनमध्येच आहे.

जुनाखेळाडू
डिझाइनमध्ये आहे हो, पण बहुतेक सगळे लोक अजून त्याच कंपनीच्या सर्व्हरवर आहेत आणि कंपनीत गुंतवणूकदारांचा पैसा आहे. तो कधीतरी परत मागणारच.

बोरूबहाद्दर
मान्य, पोस्टींचा मुद्दा मला माहीत नव्हता. तरी एक सांगतो. २०१९ मध्ये गॅब, म्हणजे द्वेषाच्या पोस्टींसाठी बदनाम असलेली साइट, मॅस्टोडॉनचाच कोड घेऊन आलं, त्यांना थांबवणं कुणालाच शक्य नव्हतं, पण बाकीच्या सर्व्हरनी पटापट ब्लॉक केलं आणि ते एका कोपऱ्यात राहिले. कुणाची संगत नको हे प्रत्येक घराने आपापलं ठरवलं, एका सीईओने सगळ्या जगासाठी नाही. मला एवढंही पुरे आहे.

पाटीकोरी
ठीक. ते ब्लॉकिंग, रिपोर्ट वाचणं, घाण साफ करणं, हे सगळं तुमच्या सर्व्हरवर कोण करतं आणि बिल कोण भरतं, बघितलंत कधी?

बोरूबहाद्दर
आत्ता बघितलं. दोघंच जण आहेत. वरती वर्गणीची पाटी लावलीय, मी तीन आठवडे ती स्क्रोल करून पुढे जातोय.

पाटीकोरी
😀 भरा मग.