अणुभट्टी येवो न येवो, रानातल्या पातेऱ्याची, म्हणजे गळलेल्या पाल्याची, किरणोत्सार तपासणी आत्ताच व्हायला हवी

रायकाठ, राजापूर:
माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे, वरलीवाडा या पाच गावांची जमीन जैतापूर प्रकल्पात गेली. प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्या ठरल्या. २०१० च्या नोव्हेंबरात ३५ अटी घालून पर्यावरण मंजुरी मिळाली. अजून एकही भट्टी उभी नाही. प्रकल्प हवा की नको यावर आपण खूप भांडलोय. आज मला ते भांडण नको, वेगळंच मागायचंय.

युक्रेनमधल्या चेर्नोबिलची अणुभट्टी १९८६ साली फुटली. जर्मनीच्या बव्हेरियातल्या रानडुकरांच्या मटणात आजही किलोला ६०० बेकरेलच्या (बेकरेल म्हणजे किरणोत्साराचं माप) मर्यादेपेक्षा जास्त सीझियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य सापडतं. शेत नांगरलं की सीझियम खाली जातं, चिकणमातीला धरून बसतं. रानात नांगर नसतो. झाडांच्या शेंड्यांनी अडवलेलं सीझियम पानांबरोबर खाली पडतं, पातेऱ्यात मुरतं, मुळं आणि बुरशी ते पुन्हा वर ओढतात. झाडाला ते पोटॅशियमसारखंच वाटतं. म्हणून रान ते लवकर सोडत नाही.

आता आपलं बघा. आपण कवळं, म्हणजे पालेदार फांद्या, तोडतो, पातेरा गोळा करतो, हे सगळं शेतात जाळून भाजावळ करतो आणि त्याच राखेत भाताचा तरवा (रोपं) पेरतो. पाला जळला तरी सीझियम बरंचसं राखेतच उरतं. म्हणजे रानातलं जे काही असेल ते आपण स्वतःच्या हातांनी भातात आणतो. त्यात जांभ्याची आम्ल माती. सीझियम घट्ट पकडून ठेवणारे चिकणमातीचे प्रकार तिच्यात कमी, पोटॅशियमही कमी. युरोपचे आकडे इथे उचलून लावता येणार नाहीत. भट्टी पेटायच्या आधी आपल्या देवराईतली माती, पातेरा, राख, अळंबी, मध, रातांबे हे सगळं एकदा तरी मोजून ठेवा, एवढंच मागणं आहे.

हापूसवाला, देवगड:
माझा घर कलमांवर चालता. तुमचो हेतू वाईट नाय, पण 'किरणोत्सार' आणि 'हापूस' हे दोन शब्द एका ओळीत इले की वाशीच्या बाजारात काय होता ता तुमका सांगूक होया? तपासतत म्हणजे कायतरी असतलाच, असाच लोक म्हणतले. आकडो कितीय बारीक येवंदे, तो कोण वाचणत नाय. २०१८ साली हापूसाक जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालो, त्यासाठी किती वर्षा घालवली! भट्टी नाय, गळती नाय, मग चांगल्या पोराक डॉक्टरकडे कित्याक न्हेवचा?

रायकाठ, राजापूर:
दादा, पोर चांगलं असतानाच त्याचं वजन लिहून ठेवतात ना? उद्या कोणी ओरड केली की कोकणात सीझियम सापडलं, तर 'ते आधीपासून एवढंच होतं' हे दाखवायला तुमच्याकडे काय असेल? १९६० च्या आसपास जगभर हवेत अणुचाचण्या झाल्या. त्यांचं सीझियम पावसाबरोबर सगळीकडे पडलंय, सह्याद्रीतही. नोंद नसेल तर ते जुनं सीझियमसुद्धा तुमच्या आंब्याच्या नावावर लागेल.

गॅमामोजणी, ठाणे:
मी किरणोत्सार मोजणाऱ्या प्रयोगशाळेत काम केलंय. रायकाठ यांचं पातेऱ्याचं निरीक्षण मला पटलं, पण दोन ठिकाणी ते चुकतात.

एक म्हणजे, जुनं-नवं ओळखायला आधीची नोंद लागतेच असं नाही. सीझियमचे दोन किरणोत्सारी प्रकार आहेत, १३७ आणि १३४. भट्टीतून सीझियम-१३७ बरोबर सीझियम-१३४ येतं, बॉम्बच्या धुळीत ते जवळपास नसतं. १३४ दिसलं तर ते भट्टीचंच. दुसरं अळंबीचं. युरोपात सीझियम साठवणारी बरीचशी अळंबी झाडांच्या मुळांशी जोडलेली असतात. आपण श्रावणात खातो ती बहुतेक वारुळावरची, वाळवीने पोसलेली. तिचं गणितच निराळं. बव्हेरियाचं डुक्कर दाखवून राजापूरच्या माणसाला घाबरवू नका.

शिवाय बीएआरसीची (भाभा अणुसंशोधन केंद्राची) पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा प्रत्येक अणुवीज केंद्राजवळ असते, भट्टी सुरू व्हायच्या आधीपासून काम करते. तारापूरला आहे, कर्नाटकात कैगाला तर भर जंगलात आहे. आणि कृपा करून गावागावात हातातले मीटर विकत घेऊ नका. ते एकूण किरणं मोजतात. एका केळ्यातही पोटॅशियम-४० या नैसर्गिक किरणोत्सारी पदार्थाचे पंधराएक बेकरेल असतात. अन्नातलं सीझियम वेगळं काढायला नमुना वाळवून गॅमा स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे कुठलं किरण कशाचं ते ओळखणाऱ्या यंत्रावर, तासन्‌तास ठेवावा लागतो.

रायकाठ, राजापूर:
मीटरचं मान्य. अळंबीचंही मान्य, आणि म्हणूनच आपली अळंबी आपणच मोजायला हवी. पण १३४ चं तितकं सोपं नाही. ते दोन वर्षांत निम्मं होतं, १३७ ला तीस वर्षं लागतात. दहा-पंधरा वर्षांनी कोणी तपासलं तर १३४ जवळजवळ संपलेलं असेल. बव्हेरियाच्या डुकरांतलं बरंच सीझियम चेर्नोबिलचं नसून जुन्या अणुचाचण्यांचं आहे, हे कळायला २०२३ उजाडलं.

चाकरमानी, परळ:
तरीही सरकारी यंत्रणेवर आधीच अविश्वास का? चेर्नोबिलनंतर मुंबईत आयर्लंडचं लोणी आलं, त्यावरून केवढा गदारोळ झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८८ मध्ये तज्ज्ञांनी तपासून ते सुरक्षित ठरवलं, विषय संपला. प्रश्न उभा राहील तेव्हा तपासता येतं. आज रस्ते, दवाखाने सोडून पातेरा मोजायला पैसे कुठून आणायचे?

भारंगी, पाचल:
दादा, लोणी डब्यात असतं, ते बाजूला ठेवून तपासता येतं. रान बाजूला ठेवता येत नाही. वेल्सचे डोंगर चेर्नोबिलपासून दोन हजार किलोमीटरहून लांब, पण त्या दिवसांत तिथे जोराचा पाऊस लागला. ब्रिटिश सरकार म्हणालं तीन आठवड्यांची बंदी. मेंढ्यांवरचे शेवटचे निर्बंध उठले २०१२ साली. आमच्याकडे पाऊस केवढा पडतो, वेगळं सांगायला नको.

आमचा बचत गट टाकळा, भारंगी, कुर्डू विकतो. धनगरवाड्यांवर पावसाळ्याचे दोन महिने रानभाजीच जेवणात असते. नमुने कोणाच्या ताटातले घेणार? शहरी माणसाच्या सरासरी आहारावरून हिशेब केलात तर आमची ताटं त्यात बसतच नाहीत. अणुऊर्जा नियामक मंडळाने सामान्य माणसासाठी वर्षाला १ मिलिसीव्हर्टची (शरीराला लागणाऱ्या किरणोत्साराचं माप) मर्यादा ठरवलीय. ती आमच्या ताटाला लावून बघा.

गॅमामोजणी, ठाणे:
ताई, तुमचं म्हणणं रास्त आहे. नमुन्यांच्या यादीत रानभाजी आणि भाजावळीची राख आलीच पाहिजे. सुरुवात देवराईतून करा, तिथली माती वर्षानुवर्षं कोणी हलवलेली नसते.

रायकाठ, राजापूर:
राईतली माती घ्यायची तर आधी देवाला कौल लावावा लागेल. ती जबाबदारी माझी.

हापूसवाला, देवगड:
राईतली घेवा, माझा काय म्हणणा नाय. पण कलमाखालची माती देवचंय नाय.

भारंगी, पाचल:
दादा, तुमच्या कलमाखाली पातेरा कुठून येतो?

हापूसवाला, देवगड:
रानातसून. बरा, देतंय. पण आकडो आधी ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवूचो, मगेच तो पेपरात जावंदे.

गॅमामोजणी, ठाणे:
१९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या जागी २०२५ मध्ये नवा कायदा मंजूर झाला. जुन्यातलं कलम १८ माहिती रोखून ठेवायचा अधिकार सरकारला देत होतं, नव्यातही तसा अधिकार आहे. म्हणून ही अट नमुना देण्याआधीच लेखी करून घ्या.