आयडीएल फायलींवरून क्लास डायग्राम: चौकोन येतात, जोडणाऱ्या रेघा येत नाहीत

उद्यमबागवाला
मंडळी, आमच्या शॉपमध्ये हायड्रॉलिक पंपांच्या टेस्ट बेंचचं जुनं कॉर्बावरचं (वेगवेगळ्या मशीनवरच्या प्रोग्रामनी एकमेकांशी बोलायची पद्धत) सॉफ्टवेअर अजून चालू आहे. लिहिणारा गडी कधीचाच पुण्याला गेला, कागदपत्र शून्य. हातात फक्त सव्वीस आयडीएल फायली (कुठला भाग बाहेरच्यांना काय काय करून देतो ते या भाषेत लिहितात). पुढच्या महिन्यात गिऱ्हाइकाचं ऑडिट आहे, त्यांना क्लास डायग्राम (प्रोग्रामचे भाग चौकोनांत आणि नाती रेघांनी दाखवणारं चित्र) पाहिजे. विकतच्या मॉडेलिंग टूलमध्ये फायली घातल्या तर चौकोन आले. इनहेरिटन्सचे (एकाचे गुण दुसऱ्यानं घेतल्याचे) बाण आहेत, पण बेंचला रीडिंग जोडलेलं नाही, पंप जोडलेला नाही. हातानंच काढत बसू काय?

तिसरं_गेट
जावा ८ असेल तर त्यातलं आयडीएलजे (आयडीएलवरून जावाचा कोड काढणारं टूल) चालवा की. जावाचे क्लास तयार होतात, त्यांचा डायग्राम कुठलंही टूल काढतंय.

जांबोटी_रोड
तिसरं गेट, तो रस्ता नको. आयडीएलजे एका इंटरफेसमागं ऑपरेशन्स, हेल्पर, होल्डर, स्टब, पीओए अशा जादा क्लासची आख्खी वरात काढतं. ऑडिटरला त्यात बेंच सापडायचा नाही. शिवाय २०१८ च्या जावा ११ पासून कॉर्बा जावातनं काढूनच टाकलंय.

उद्यमबागवाले, तुमचं दुखणं टाइपडेफचं (टाइपला दिलेल्या दुसऱ्या नावाचं) दिसतंय. बेंचमध्ये ‘रीडिंगलिस्ट’ लिहिलेलं असणार, आणि वर कुठंतरी रीडिंगच्या सिक्वेन्सला (यादीला) टाइपडेफनं ते नाव दिलेलं. टूल तिथंच थांबतं, पोटातलं रीडिंग बघत नाही. टाइपडेफ सोडवत मूळ टाइपपर्यंत जायचं, वाटेत सिक्वेन्स लागला तर रेघेच्या टोकाला ०..* (शून्य किंवा कितीही) लिहायचं. पंपाचं कारण बहुतेक वेगळं: त्याची फाइल इन्क्लूडनं (दुसऱ्या फाइलीत ओढून) येत असेल आणि तो फोल्डर टूलला सांगितलेला नसेल.

मी ओम्नीओआरबी या कॉर्बाच्या सॉफ्टवेअरबरोबर येणारा ओम्नीआयडीएल हा आयडीएल वाचणारा कंपायलर वापरतो. त्याचा बॅकएंड (वाचलेल्यातनं हवं ते छापणारा भाग) पायथनमध्ये आपला आपण लिहिता येतो. मॉड्यूलमध्ये रन नावाचं फंक्शन ठेवलं की आख्खं सिंटॅक्स ट्री (फायलीतल्या रचनेचं झाड) हातात येतं. प्रीप्रोसेसर, स्कोप, फॉरवर्ड डिक्लरेशन सगळं तो आधीच निस्तरतो. त्या ट्रीवर फिरत प्लांटयूएमएलचा (मजकुरावरून चित्र काढणारं टूल) मजकूर छापायचा. प्रत्येक डिक्लरेशनला ते मुख्य फाइलमधलं आहे का ते विचारा (मेनफाइल म्हणून फंक्शन आहे), नाहीतर इन्क्लूडमधला तोच चौकोन प्रत्येक फाइलमागं परत येतो. आणि रेग्युलर एक्स्प्रेशननं आयडीएल वाचायच्या फंदात पडू नका ओ, कमेंट आणि मॉड्यूलमधल्या मॉड्यूलनं जीव जातो.

खरी कटकट डायमंडची, म्हणजे रेघेच्या टोकाच्या मालकी दाखवणाऱ्या चिन्हाची. स्ट्रक्टमध्ये (माहितीच्या गठ्ठ्यात) स्ट्रक्ट असेल तर ते आतच बसतं, भरीव डायमंड बिनधास्त काढा. पण बेंचच्या ॲट्रिब्यूटचा टाइप ‘पंप’ हा इंटरफेस असेल तर तो नुसता रेफरन्स (पत्ता). मालक कोण, हे आयडीएलमध्ये कुठंच लिहिलेलं नसतं. साधी रेघ काढा. डायमंड पाहिजेच असेल तर बेंचवरच्या ऑपरेटरला विचारा: बेंच यादीतनं काढला तर पंपाची नोंद राहते काय? राहत असेल तर भरीव डायमंड चुकीचा.

ऑपरेशनच्या पॅरामीटरमधले टाइप तुटक रेघेनं दाखवता येतात. मी दाखवत नाही, चित्र काळं होतंय.

उद्यमबागवाला
व्हय, टाइपडेफच निघालं. इन्क्लूडचा फोल्डर दिल्यावर पंप पण जोडला गेला. बॅकएंड लिहायला घेतलाय. वनवे ऑपरेशन (उत्तराची वाट न बघणारं) आणि रीडओन्ली ॲट्रिब्यूट कसे दाखवू?

जांबोटी_रोड
वनवेला नावाआधी स्टिरिओटाइप (दुहेरी टोकदार कंसातला शब्द), रीडओन्लीला ॲट्रिब्यूटच्या शेवटी महिरपी कंसात तो शब्द. इन, आउट, इनआउट पॅरामीटरच्या नावाआधी तसंच ठेवा, यूएमएलला (या चित्रांच्या ठरलेल्या खुणांना) चालतं. सव्वीस फायली एका चित्रात कोंबू नका, मॉड्यूलप्रमाणे वेगळी पानं करा. पहिल्या पानावर एक ओळ टाका: ‘हा फक्त क्लायंटला दिसणारा इंटरफेस आहे, सर्व्हरच्या आतले क्लास यात नाहीत.’ ऑडिटर ते विचारणारच.