पांढऱ्या कोटातला राक्षस देखाव्यात हवाच का?

पेटाळाकर

यंदा गणपतीत कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका मंडळाचा सजीव देखावा पाहिला. विस्कटलेले पांढरे केस, पांढरा कोट, हातात हिरव्या पाण्याची काचेची नळी आणि 'आता सगळं जग माझ्या मुठीत' म्हणत गडगडाटी हसणारा शास्त्रज्ञ. तो विषाणू सोडतो, गाव आडवं होतं, शेवटी बाप्पा प्रकट होऊन त्याचा वध करतात. टाळ्या. मंडळाचं नाव घेत नाही, कारण पोरांनी मनापासून मेहनत घेतली होती. पण मी शाळेत विज्ञान शिकवते. आठवीच्या वर्गात 'शास्त्रज्ञाचं चित्र काढा' म्हटलं की बऱ्याच वह्यांत हाच माणूस उतरतो. हे आपल्याकडेच होतं असंही नाही. डेव्हिड चेंबर्स या अभ्यासकाने १९८३ मध्ये ४,८०७ मुलांच्या अशा चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बाई शास्त्रज्ञ फक्त २८ होत्या, त्याही मुलींनीच काढलेल्या.

शास्त्रज्ञांची बदनामी होते म्हणून मी रागावलेले नाही. ते आपलं बघून घेतील. या पात्रामुळे आपण चुकीच्या ठिकाणी बघायला शिकतो, हा माझा मुद्दा आहे, आणि त्यासाठी हाफकिन यांची हकिगत सांगते.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात बसून लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. पुढे ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एका दिवसात १०७ जणांना ती टोचली गेली. त्यातल्या एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. बाटली मुंबईत भरलेली, म्हणजे दोष मुंबईचा, असं सरकारी चौकशीने धरलं. रशियातून आलेला ज्यू माणूस, त्यात लस बनवायच्या कृतीत कार्बॉलिक ॲसिड हे जंतुनाशक वगळण्याचा त्याने केलेला बदल, संशयाला एवढं पुरलं. हाफकिन यांना कामावरून दूर केलं. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बूच काढायला वापरला होता, ही गोष्ट चौकशीतल्या साक्षीतच होती. पण तिचं वजन कुणी ओळखलं नाही. रोनाल्ड रॉस आणि इतर जंतुशास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिलं, तेव्हा कुठे हाफकिन निर्दोष ठरले.

पाच वर्षं! राक्षस सापडला म्हटल्यावर चिमट्याकडे बघायची गरजच कुणाला वाटली नाही.

देखावालेखक

हा देखावा माझा नाही, पण मी मंडळांसाठी संवाद लिहितो, म्हणून बोलतो. माणूस रस्त्यात उभा राहून दहा-बारा मिनिटं बघतो. खांद्यावर पोर, मागून रेटारेटी. संवाद आधी रेकॉर्ड केलेले असतात, पोरं फक्त हावभाव करतात. चेहऱ्यावरची बारीक छटा चौथ्या रांगेपर्यंत पोचत नाही. खलनायक पहिल्या अर्ध्या मिनिटात ओळखू आला पाहिजे. सावकाराला चोपडी, पुढाऱ्याला टोपी, मांत्रिकाला कवटी, तसा शास्त्रज्ञाला कोट. सावकारांची प्रतिमा मलिन होते म्हणून आजवर कुणी हळहळलेलं मी ऐकलं नाही. शास्त्रज्ञांना वेगळा न्याय का?

आणि हे पात्र तुम्ही समजता तितकं उथळ नाही. मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी १८१८ ची. त्यातला व्हिक्टर डॉक्टर नाही, वेडाही नाही, शिकणारा पोरगा आहे. तो जीव निर्माण करतो आणि त्याच रात्री घाबरून त्याला टाकून पळतो. त्या जिवाला पुस्तकभर नावसुद्धा मिळत नाही. त्या बाईचा राग ज्ञानावर नाही, जन्माला घालून जबाबदारी झटकणाऱ्यावर आहे. आपल्याकडेही शुक्राचार्य संजीवनी विद्या असुरांसाठी वापरतात, तरी आपण त्यांना आचार्यच म्हणतो. विद्या कोणाच्या कामी आली हे विचारायला अशी पात्रं लागतात, ताई. ती काढून टाकलीत तर विचारणार कसं?

आरोग्यसेविका

पेटाळाकर मॅडम, हाफकिन यांच्याबद्दल वाचून वाईट वाटलं, पण तुमच्याशी मी सहमत नाही. मी दारोदार जाऊन लसीकरणाचं काम करते. 'ह्यात काय घातलंय?' असं विचारणारी बाई देखावा बघून विचारत नसते. तिने काहीतरी ऐकलेलं असतं, आणि सगळंच खोटं नसतं.

२००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस एका अभ्यासासाठी दिली. सात मुलींच्या मृत्यूंवरून गदारोळ झाला आणि एप्रिल २०१० मध्ये काम थांबवलं. मृत्यूंचा लसीशी संबंध नव्हता असंच चौकशीत निघालं, आणि लस चांगली आहे हे मी स्वतः सांगते. पण संमतीचं काय? वसतिगृहात राहणाऱ्या मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांच्या जागी वॉर्डन आणि मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. २०१३ मध्ये संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. आदिवासी मुली होत्या त्यात. शहरातल्या इंग्रजी शाळेत वॉर्डनची सही चालवून घेतली असती का?

अमेरिकेत टस्कीगीला १९३२ पासून १९७२ पर्यंत गरमी म्हणजे सिफिलिस झालेल्या काळ्या शेतमजुरांना उपचार न देता नुसतं तपासत राहिले. १९४७ च्या सुमाराला पेनिसिलिन सर्रास मिळू लागलं होतं, तरी दिलं नाही. नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून माणसांवरच्या प्रयोगांसाठी न्यूरेंबर्गचे नियम आले, तेही १९४७ सालीच, आणि त्यातला पहिला नियम संमतीचा. म्हणून म्हणते, भीती सिनेमाने पेरली असं सांगू नका. सिनेमाने फार तर तिला चेहरा दिला.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

आपल्या सिनेमात शास्त्रज्ञ एकटा कधी वाईट नसतो, समोर चांगलाही असतो. 'रोबोट'मध्ये (२०१०) चांगला वसीगरन आणि वाईट बोरा. मग रड कशाची? उलट '२.०' (२०१८) बघा. त्यात पक्ष्यांचा अभ्यासक खलनायक होतो, पण का, तर त्याचं कोणी ऐकत नाही म्हणून. प्रेक्षकांची सहानुभूती त्यालाच. माझी हरकत वेगळी आहे. मोबाइलच्या लहरींनी पाखरं मरतात, हे न सिद्ध झालेलं विधान त्या सिनेमाने लोकांच्या डोक्यात पक्कं बसवलं. खलनायकाच्या कोटापेक्षा असली विधानं जास्त नडतात. टॉवरविरोधात गल्लीत सह्यांची मोहीम निघाली, तेव्हा बोलणाऱ्यांकडे पुरावा म्हणून फक्त सिनेमा होता.

गुळव्या

शिनेमातला शास्त्रज्ञ मला म्हाईत न्हाई, पर आमच्या रानात येणारा म्हाईत हाय. को ८६०३२ हा ऊस आमच्याकडं किती वर्सं हाय. त्यो कोइमतूरच्या संस्थेनं काढला. फुले २६५ पाडेगावच्या संशोधन केंद्राचा. ह्यो वाण काढणाऱ्या मान्साचं नाव इचारा की पंचक्रोशीत, कुणी सांगणार न्हाई. चांगलं झालं की वाणाचं नाव, वाईट झालं की शास्त्रज्ञाचं.

शिरोळकडं जमिनी क्षारपड झाल्या. 'शास्त्रज्ञांच्या खतानं रान मारलं' आसं पारावर बोलत्यात. माती तपासून खत द्या, पाणी बेतानं द्या, निचऱ्याची पाइप टाका, हे सांगणारा बी शास्त्रज्ञच हुता न्हवं? आमीच पाणी मोकाट सोडलं. पर सरकारनं बी पाणी मोजून दिलं न्हाई आन कारखान्याला टनाशी मतलब. एकट्याच्या डोस्क्यावर खापर फोडून भागत न्हाई, मॅडमचं ह्ये मला पटतंय.

तरी एक सांगतो. वाणावर रोग आला की त्यो मानूस बांधावर यायला पायजे. शिफारस छापून मोकळं व्हायचं, आसं चालत न्हाई.

पेटाळाकर

आरोग्यसेविका ताई, तुमचं एकही उदाहरण मी नाकारत नाही. पण तीच माझ्या बाजूने आहेत असं मला वाटतं. टस्कीगी तळघरात घडलं नाही. ते सरकारच्या आरोग्य खात्याचं काम होतं, त्यावरचे लेख वैद्यकीय नियतकालिकांत वर्षानुवर्षं उघड छापून येत होते, कितीतरी डॉक्टर ते वाचत होते. पीटर बक्स्टन या खात्यातल्याच माणसाने आधी वरिष्ठांकडे तक्रारी केल्या आणि शेवटी वर्तमानपत्रांपर्यंत बातमी पोचवली, तेव्हा ते थांबलं. त्या चाळीस वर्षांत कुणी गडगडाटी हसलं नसेल. सभ्य माणसं, फायली, सह्या, वार्षिक अहवाल. देखाव्यातला राक्षस ओळखायला शिकलेलं पोर असल्या माणसाला कसं ओळखणार? खम्ममची संमतीपत्रं तरी कुणा वेड्या शास्त्रज्ञाने भरली होती का?

कोरोनातही हेच झालं. विषाणू प्रयोगशाळेतून अपघाताने निसटला का, हा सुरक्षेचा रास्त प्रश्न आहे आणि त्याचा निकाल अजून लागलेला नाही. आपल्या व्हॉट्सॲपवर मात्र तो 'मुद्दाम बनवून सोडला' अशाच रूपात फिरला. मग प्रयोगशाळेची तपासणी कोण करतं, अपघात कुठे कळवायचा, हे विचारायला कुणी उरलंच नाही. खलनायक ठरला होता ना!

देखावालेखक दादा, जबाबदारीचा तुमचा मुद्दा मला मनापासून मान्य आहे. पण तुमच्या शेलीबाईंचा पोरगा घाबरून पळतो. आपल्या मंडपातला हसतो. पळणारा दाखवलात तर माझी तक्रार नाही.

जुना_राजारामियन

या मंडळींत एक नाव घालतो. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय. त्यांच्या प्रयत्नांतून ३ ऑक्टोबर १९७८ ला भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं, परदेशात जाऊन काम मांडू दिलं नाही, नको त्या विभागात बदली केली. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या कामाला मान्यता मिळाली ती नंतर. त्यांना छळणारे सगळे खुर्चीतले होते, त्यांतले काही स्वतः वैज्ञानिक.

आणि जयंत नारळीकर याच कोल्हापुरात १९३८ साली जन्मले. ते २० मे २०२५ ला गेले. फलज्योतिषावर त्यांनी नुसती टीका केली नाही, २००८ मध्ये रीतसर चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद अशा मुलांच्या २०० पत्रिका जमवून ज्योतिषांना त्या ओळखायला दिल्या. यश आलं ४६ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नाणं उडवण्याएवढंच. आपल्या गावच्या माणसाचं हे काम एकाही मंडपात मी पाहिलेलं नाही.

देखावालेखक

पळणारा दाखवता येईल, ही सूचना घेतो. हाफकिनचीही गोष्ट लिहावीशी वाटतेय. पण अडचण सांगतो. तिच्यात खलनायक नाही. चिमटा पाडणाऱ्या मदतनिसाला करू का?

आरोग्यसेविका

अजिबात नाही. तो मदतनीस म्हणजे मीच आहे. उन्हात, धुळीत, एका दिवसात १०७ माणसं. चिमटा पडला तर दुसरा होता का, पाणी उकळायला चूल होती का, हे कुणी विचारलं? त्याला राक्षस केलंत तर मंडपासमोर येऊन भांडेन. आणखी एक. हाफकिन यांच्या नावाची संस्था १९२५ पासून मुंबईत आहे. त्या १९ जणांतल्या एकाचं तरी नाव या चर्चेत कुणी घेतलं का? देखावा त्यांच्या घरापासून सुरू करा.

पेटाळाकर

हे मात्र खरं आहे. सुरुवात तिथूनच व्हायला हवी. पण चौकशीचा भाग गाळू नका, सगळा अन्याय तिथे घडला.

देखावालेखक

पाच वर्षांची चौकशी दहा मिनिटांत बसवायची आहे, तेव्हा दोघींनीही मदत करा. साक्षीचा प्रसंग मॅडमनी सांगावा, टोचणीच्या जागेचा तपशील ताईंनी. कोट मात्र मी ठेवणार. तो कोणाच्या अंगावर घालायचा, यावर पुढच्या बैठकीत भांडू.