टेकडीवरचं गवत आणि संरक्षित वनस्पती: एकाच चौकटीत दोन्ही मोजता येतील का?

प्रश्न:
८ हेक्टरची टेकडी आहे, माथा सपाट, चारी बाजूंना उतार. गवताळ भागाची नोंद आणि संरक्षित वनस्पतींची मोजणी एकाच हंगामात करायची आहे. १ मीटर × १ मीटरच्या ४० चौकटींत दोन्ही कामं भागतील का?

उत्तर १:
गवताचं भागेल, संरक्षित वनस्पतींचं नाही. हिशोब करून पाहा: ८०,००० चौरस मीटरपैकी तुम्ही ४० पाहणार, म्हणजे ०.०५ टक्का. दुर्मिळ रोप बाकीच्या ९९.९५ टक्क्यांत असण्याचीच शक्यता जास्त.

गवतासाठी आधी टेकडीचे भाग पाडा: माथा, पायथा आणि दिशेनुसार उतार. उत्तर गोलार्धात दक्षिणेचा उतार जास्त तापतो, लवकर सुकतो. तिथलं गवत उत्तरेकडच्यात मिसळलं तर सरासरीला काही अर्थ राहत नाही. प्रत्येक भागातल्या जागा घरी बसून नकाशावर यादृच्छिक पद्धतीने ठरवा. टेकडीवर गेल्यावर ठरवल्या की पाय आपोआप फुलांकडे वळतात. चौकटीत दर १० सेंटीमीटरवर दोरा ताणा, एक घर म्हणजे १ टक्का. थर एकावर एक असल्याने आच्छादनाची, म्हणजे प्रत्येक जातीने झाकलेल्या जमिनीच्या टक्क्यांची, बेरीज १०० च्या वर जाते. ती ओढूनताणून जुळवू नका.

उत्तर २:
संरक्षित वनस्पतींसाठी पट्टे चाला. २ मीटर अंतरावर दोन दोऱ्या, त्याही उताराला आडव्या. पट्ट्याच्या खालच्या कडेने चाललात तर वरची जमीन डोळ्यांजवळ येते आणि रोपं तुडवली जात नाहीत.

काय मोजताय ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. जमिनीखाली खोड पसरणाऱ्या जातींत दहा फुटवे म्हणजे दहा रोपं नव्हेत. फुलोऱ्याचे दांडे आणि नुसती पानं यांचे रकाने वेगळे हवेत. काही ऑर्किड एखादं वर्ष जमिनीवर येतच नाहीत, त्यामुळे एका हंगामातलं शून्य म्हणजे 'नष्ट' असं कृपया लिहू नका. नमुन्यासाठी रोप उपटायचं नाही: फूल समोरून व बाजूने, पानाची खालची बाजू आणि बुंधा, सगळे फोटो मोजपट्टीसह. नेमके अक्षांश-रेखांश जाहीर अहवालात नकोत, चोर तेच शोधतात.

उत्तर ३:
एक राहिलं. ३० अंशाच्या उतारावर ताणलेली १० मीटरची टेप नकाशावर ८.६६ मीटरच भरते. क्षेत्रफळ काढताना उताराचा कोन नोंदलेला नसेल, तर ही चूक नंतर दुरुस्त करता येत नाही.

आणि न फुललेलं गवत ओळखताना पातं खाली ओढून बघा. ते खोडाला जिथे मिळतं तिथे पातळ पापुद्रा आहे की केसांची रांग, यावरून बऱ्याच जाती वेगळ्या काढता येतात.